पायऱ्या मोजायचा पाडवा

गुढी उभारली, कडुलिंबाचा पाला चावून झाला की आबा आम्हा पोरांना घेऊन मळ्यातल्या विहिरीवर जायचे. विहीर दगडी बांधणीची, बावीस पायऱ्यांची. आबा काठावर बसून पाण्याबाहेर उघड्या पडलेल्या पायऱ्या मोजायचे. बाराच्या आत असल्या तर उन्हाळी भुईमूग. बाराच्या पुढे गेल्या तर बियाण्याचं पोतं तसंच बांधून ठेवायचं. सोळा उघड्या पडल्या की पाणी फक्त माणसांना नि जनावरांना. विहीर चार भावांत होती, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या, आणि पाळ्यांवरून भांडणंही व्हायची. पण पायऱ्यांच्या आकड्यावर कोणी वाद घातल्याचं मला आठवत नाही. धाकट्या चुलत्यांनी एकदा फक्त एका वाफ्यापुरतं पाणी मागितलं, तेव्हा आबा म्हणाले होते, "तळाचं पानी आपलं न्हाई रं. फुडल्या सालाचं हाय."

बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. बावीसही पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. तळाशी झऱ्याच्या तोंडाजवळ एक खळगा होता. आई तिथे बसून वाटीने घागर भरायची. वाटी घागरीत रिकामी करेपर्यंत खळग्यात पुन्हा वाटीभर पाणी जमलेलं असायचं. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, घरात लाल मिलोच्या भाकरी नि सुकडी. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात, बहात्तरला धान्य नव्हतं, पण प्यायला पाणी होतं. त्या वाटीमुळे मला ते पटतं.

ते पाणी जमिनीत मुरवायची ती झड. आता हा शब्द माझ्या नातवंडांना समजावून सांगावा लागतो. श्रावणात झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसायचा नाही. पाऊस बारीक, न थांबणारा. पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन माणसं शेतात जायची, चुलीपाशी ओल्या सरपणाचा धूर कोंडायचा, मातीच्या भिंतींना ओल फुटायची. आम्ही पोरं वैतागायचो. पण तेच पाणी सावकाश मुरुमात उतरायचं नि दिवाळीपर्यंत विहिरीच्या कपारीतून झिरपत राहायचं.

आता पाऊस येतो तो कोसळायलाच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतोय, तिकडून बाष्पाचे लोंढे येतात. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात शेतंच्या शेतं खरवडून गेली. सोयाबीन तर गेलंच, खालची काळी मातीही गेली. इतकं पाणी एका रात्रीत पडलं तर ते मुरणार कधी?

आणि नेमक्या याच काळात आम्ही विहिरीकडे पाठ फिरवली. पहिला बोअर घेतला तेव्हा पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली. १८० फुटांवर दोन इंची पाणी लागलं, पेढे वाटले. माळावर ऊस उभा राहिला. शेजारच्याने ३०० फूट नेला, मग आम्ही ४५०. वरचा मुरूम पावसाळ्यात भरतो. खाली काळ्या पाषाणाच्या फटीत साठलेलं पाणी भरायला किती वर्षं लागतात, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. मीही नाही. शेवटचा बोअर ७०० फुटांवर गेला. रात्रभर बोअरची गाडी घरघरत होती, नि पाइपातून पिठासारखी राखाडी भुकटी उडत होती. सकाळी अंगणातल्या तुळशीवर तिचा थर बसला होता.

मला वाटतं, आमचं चुकलं ते इथे. विहिरीत वाकून बघता येतं. किती उरलं ते दिसतं, म्हणून हात आखडतो. सहा इंचाच्या भोकात काहीच दिसत नाही; मोटार चालू आहे तोवर पाणी आहे, एवढंच कळतं.

२०१६च्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा लातुरातच होतो. लोक आनंदाने बघायला गेले होते. माझ्या डोळ्यांपुढे सारखी आईची वाटी येत होती.

पाणी मोजूनच वापरायचं असतं, हे हिवरे बाजारच्या लोकांना फार आधी उमगलं. पोपटराव पवारांच्या त्या गावात शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. पाऊस किती पडला ते मोजायचं, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यावर कुठलं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. मी तिथे गेलो तेव्हा गावातला एक जण पाण्याचा ताळेबंद समजावून सांगत होता, आणि मला आबा काठावर बसलेले दिसत होते.

गेल्या वर्षी पुतण्याने आमची विहीर उपसली. बाभळी तोडल्या, वीस वर्षांचा गाळ काढला, ओढ्याला दोन दगडी बांध घातले. यंदा पाडव्याला त्याने मला मुद्दाम बोलावून घेतलं. गुडघे दुखतात म्हणून मी वरच बसलो. त्याची मुलगी काठावर ओणवी होऊन मोठ्याने मोजत होती. चौदावर थांबली.

"मग भुईमूग?" तिने विचारलं.

पुतण्या माझ्याकडे बघू लागला.

"न्हाई," मी म्हणालो. "औंदा न्हाई."