आओशिमाहून मावशीस

मियाझाकी, रात्री

ती. मावशीस,


आज आओशिमा बेटावर जाऊन आले. जपानच्या दक्षिणेला, क्यूशूच्या किनाऱ्याला अगदी लागून आहे. सगळा फेरा जेमतेम दीड किलोमीटरचा, वस्ती नाही. पूल ओलांडला की रान सुरू होतं, ताडाच्या जातीच्या बिरो झाडांचं, आणि त्या दाटीत एक देऊळ. १७३७ सालापर्यंत साध्या माणसाला इथे पाऊल टाकायला मनाई होती. रान टिकलं ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

ओहोटी होती. बेटाभोवती खडकाच्या लांबच लांब सरळ पट्ट्या उघड्या पडल्या होत्या, नांगरटीच्या तासांसारख्या. वाळूच्या टणक खडकाचा एक थर, मग चिखलाच्या मऊ खडकाचा. मऊ तेवढा लाटांनी खाल्ला, टणक उरला. लोक याला राक्षसाची धुण्याची फळी म्हणतात. मला आपल्या मोरीतला दगड दिसला, आणि सोड्याने फुटलेले तुझे हात.

देवळाची कथा एका राजपुत्राची. भावाचा हरवलेला गळ शोधत तो समुद्राच्या तळाशी गेला आणि तिथल्या देवाची मुलगी तोयोतामा हिच्याशी त्याने लग्न केलं. परतल्यावर त्याचा वाडा याच बेटावर होता म्हणतात. बाळंतपणाला ती किनाऱ्यावर आली. ‘बघू नकोस’ म्हणाली, त्याने डोकावलं. आपलं खरं, जलचराचं रूप दिसलं म्हणून ती लाजून तान्ह्याला टाकून समुद्रात निघून गेली.

ती जागा म्हणजे दक्षिणेकडचं उदो देऊळ. दुपारी बसने गेले. देवळासाठी पायऱ्या चढायच्या नाहीत, उतरायच्या. ते समुद्रकड्याच्या गुहेत आहे. खाली कासवासारख्या खडकावर दोराने वेढलेला खळगा आहे. मनात इच्छा धरून त्यात मातीच्या गोळ्या टाकायच्या, पुरुषांनी डाव्या हाताने, बायकांनी उजव्या. गुहेत एका खडकातून पाणी ठिबकतं. जाताना आईने लेकरासाठी आपले स्तन इथे ठेवले, अशी श्रद्धा आहे.

आणि मावशी, समुद्रातून तिने धाकट्या बहिणीला पाठवलं, बाळाला वाढवायला.

‘माय मरो, मावशी जगो’ असं कुणी म्हटलं की लहानपणी मी घराबाहेर पळायचे. पहिले दोन शब्दच ऐकू यायचे. आज त्या ठिबकत्या पाण्यापाशी मी ती म्हण पुरी म्हटली, मोठ्याने.

त्या पाण्यात केलेल्या साखरगोळ्या तिथे मिळतात. एक पुडा तुझ्यासाठी घेतला आहे.

तुझी,
बेबी