फटक्याची साक्ष

जमिनीचा आणि माणसाचा संबंध जेथे अडचणीचा होतो, तेथे माणूस जमिनीच्या जागी तिची प्रतिमा बसवू लागतो, हा अनुभव शहरांच्या इतिहासात नवा नाही. परंतु ज्याच्या अठरा होलच्या एका मैदानाला शंभर एकरांहून अधिक जमीन सहज लागते, अशा गोल्फसारख्या खेळाने आपला सारा पसारा आवरून एका खोलीत यावे आणि ती खोली मुंबईच्या काळाचौकीत असावी, या गोष्टीकडे जमीनमोजणीच्या खात्यात नोकरी केलेला माझ्यासारखा माणूस कुतूहलाने आणि काहीशा संशयानेच पाहणार. माझा भाचा येथल्याच चाळीत वाढला आणि आता गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका मनोऱ्यात राहतो. व्यावसायिक खेळाडू आपल्या घरी ठेवतात त्या प्रतीचे गोल्फ सिम्युलेटर बसवण्याचे त्याने मनावर घेतले, आणि यंत्राची निवड करण्याच्या कामी मला बरोबर नेले. 'मामा, मापातली लबाडी तुम्हांला लगेच कळते,' एवढेच कारण त्याने दिले, आणि ते ऐकून मीही फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

ही यंत्रे मुळात खेळणी नव्हेत, हे प्रथम ध्यानी घ्यावे लागते. पडद्यावर दिसणारे स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूजचे किंवा कॅलिफोर्नियातील पेबल बीचचे मैदान हा त्यांचा शृंगार होय. त्यांचा खरा कारभार काठी चेंडूला भिडते त्या क्षणाच्या अल्पशा अंशात आटोपतो. चेंडू किती वेगाने सुटला, जमिनीशी किती अंशांचा कोन करून उठला, त्याला उलटी फिरकी किती मिळाली आणि त्या फिरकीचा आस कोणत्या बाजूस कलला, एवढ्या गोष्टी पक्क्या हाती आल्या की पुढची सारी वाट गणिताने काढता येते, कारण पंचेचाळीस-शेहेचाळीस ग्रॅम वजनाच्या त्या खळगेदार चेंडूला हवेत उचलून धरणारी शक्ती त्याच्या फिरकीतूनच निर्माण होते. उत्तम खेळाडूने ड्रायव्हर नावाच्या लांब काठीने मारलेला चेंडू ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने निघतो आणि मिनिटाला सुमारे अडीच हजार फेरे घेतो. वेज नावाच्या आखूड काठीने मारलेला चेंडू त्याहून पुष्कळ मंद, पण त्याचे फेरे नऊ-दहा हजारांच्या घरात जातात. खोलीत मात्र हा चेंडू दहा फूट जातो न जातो तोच पडद्यावर आदळून खाली पडतो, आणि उरलेले अडीचशे यार्ड यंत्र आपल्या अकलेने चालवते.

या थोडक्या उड्डाणाची साक्ष घेण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली रडारची, २००३ साली डेन्मार्कमध्ये स्थापन झालेल्या ट्रॅकमॅन कंपनीने ती व्यावसायिक खेळाडूंत रूढ केली. चेंडूच्या मागे ठेवलेले यंत्र लहरी सोडते आणि दूर जाणाऱ्या चेंडूवरून परतणाऱ्या लहरींच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून त्याचा वेग ठरवते. कॉटन ग्रीनच्या फलाटावर उभे असता न थांबता निघून जाणाऱ्या गाडीच्या भोंग्याचा सूर ती आपल्याला ओलांडून गेल्याबरोबर उतरतो, तेच हे तत्त्व. ख्रिश्चन डॉप्लरने ते १८४२ साली प्राग येथे मांडले. मुंबईचा पहिला गोल्फ क्लबही त्याच सालचा मानला जातो. तो क्लब केव्हाच लयाला गेला, डॉप्लरचे तत्त्व मात्र दीड शतकाहून अधिक काळाने गोल्फच्याच चाकरीला रुजू झाले.

दुसरी पद्धत कॅमेऱ्यांची. फोरसाइट कंपनीचे चार कॅमेऱ्यांचे जीसीक्वाड चेंडूच्या शेजारी जमिनीवर ठेवतात, तर कोरियातील युनिकोरची यंत्रे छताला टांगतात. ती चेंडूचा पाठलाग करीत नाहीत, तर आघाताच्या पाठोपाठ त्याची अतिशीघ्र छायाचित्रे घेऊन, त्याच्या अंगावरचे खळगे वा खुणा किती सरकल्या यावरून फिरकी निश्चित करतात. रडारला खोलीतल्या आखूड अंतरात फिरकी टिपणे जड जाते, म्हणून चेंडूला धातूची टिकली चिकटवतात, किंवा टायटलिस्ट कंपनीने खास याच कामासाठी तयार केलेले चेंडू वापरतात. यंत्र टिकली असलेला चेंडू मागते की साध्या चेंडूवर भागवते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक. पण फिरकी मोजली गेली की तिचा अदमास बांधला गेला, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

आमच्या खात्यात प्रत्यक्ष साखळी टाकून घेतलेले माप आणि नकाशावरून काढलेले माप यांत भेद करण्याचा कडक शिरस्ता होता, कारण हद्दीचा तंटा उपस्थित झाला म्हणजे दोन्हींचे वजन सारखे राहत नाही. त्याच सवयीने मी दुकानातल्या तरुण अभियंत्याला विचारले की, पडद्याच्या कडेला जे हे वीस-पंचवीस आकडे उमटतात, त्यांतले मोजलेले कोणते आणि काढलेले कोणते? तो क्षणभर थबकला, मग त्याने आतून एक तक्ता आणला आणि पेन्सिलीने एकेका आकड्यापुढे खूण करीत गेला. त्या मुलाविषयी माझे मत तत्क्षणी चांगले झाले. ज्या यंत्राची किंमत वीस-पंचवीस हजार डॉलरांच्या घरात जाते आणि ज्यावर आयातशुल्क व बसवणावळ वेगळी पडते, त्याच्याकडून निदान एवढ्या कबुलीची अपेक्षा गिऱ्हाइकाने धरणे गैरवाजवी नाही.

तथापि निवडीचा निकाल यंत्रापेक्षा खोलीने अधिक लावला. राहत्या खोलीची किमान उंची नियमाने २.७५ मीटर, म्हणजे नऊ फुटांच्या आसपास असते, आणि पुरा वाढलेला माणूस ड्रायव्हर डोक्यावरून फिरवू लागला की हे नऊ फूट कमी वाटू लागतात. भाच्याच्या खोलीत तुळईखाली नऊ फूट दोन इंच भरले. तो काठी घेऊन मधोमध उभा राहिला, मी स्टुलावर चढून तुळईखाली तळहात आडवा धरला, आणि त्याने घड्याळाच्या काट्याच्या गतीने स्विंग पुरा केला. काठीचे डोके माझ्या हाताखालून चार बोटांच्या अंतराने गेले. रुंदी तेरा फूट होती, ती चालण्यासारखी होती. लांबी सोळाच भरली, आणि रडारला चेंडूच्या मागे सात-आठ फूट, चेंडूच्या पुढे दहा फूट, पडद्यामागे फूटभर मोकळी जागा असा हिशेब मांडल्यावर रडार आपोआप बाद झाले. कॅमेऱ्यांची यंत्रे तेवढी शिल्लक राहिली.

तेरा गुणिले सोळा म्हणजे २०८ चौरस फूट. शेजारच्या शिवडीतील बी.डी.डी. चाळीची खोली १६० चौरस फुटांची, आणि तेवढ्या जागेत गिरणीकामगारांची आठ-आठ माणसांची कुटुंबे, शिवाय पाळीप्रमाणे येऊन झोपणारे गावाकडचे पाहुणे, पिढ्यान्‌पिढ्या नांदली. हा हिशेब मी भाच्यापुढे मांडला नाही. तो स्वतः अशाच खोलीत वाढलेला असल्यामुळे त्याने तो आधीच मांडून ठेवला असणार, आणि मोकळी खोली बाळगण्याची त्याची हौस त्या हिशेबातूनच जन्मली असणार, असा माझा कयास आहे.

यंत्राची अखेरची परीक्षा घ्यायला भाच्याने चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबावर कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहत, केस पांढरे केलेल्या एका गृहस्थांना दुकानात बोलावले. हा क्लब १९२७ सालचा, आणि तेथली प्रत्येक चढउताराची जागा या गृहस्थांच्या तळपायांना पाठ. भाच्याने सात नंबरच्या लोखंडी काठीने एक फटका मारला. पडद्यावर चेंडू डौलाने उडाला, हिरवळीवर उतरला, आणि दीडशे यार्डांचा आकडा झळकला. दुकानातले सर्व जण खूश झाले. कॅडीकाका मात्र पडद्याकडे पाहतच नव्हते. ते खाली चटईकडे पाहत म्हणाले, 'साहेब, हा मागून लागला. तिकडं मातीत काठी रुतली असती अन् चेंडू पन्नास पावलांवर बसला असता.'

यंत्र खोटे बोलले नव्हते. चेंडूच्या मागे दोन बोटांवर आपटलेली काठी मातीत रुतते आणि तिची गती तेथेच मरते. चटईवर मात्र ती घसरत पुढे जाते आणि चेंडूला जवळजवळ पुऱ्या जोराने भिडते. चेंडू त्या वेगाने निघाला हे खरेच होते, आणि यंत्राने तो वेग अचूक टिपला. जे वगळले गेले ते चटईने वगळले, आणि यंत्राच्या दप्तरात चटईचा रकाना नव्हता.

त्यानंतर भाच्याच्या आग्रहावरून काकांनी स्वतः काठी हाती घेतली. चेंबूरच्या त्या क्लबाभोवतीच्या वस्त्यांत कॅडी मंडळींनी लोखंडी सळीचे टोक वाकवून काठ्या केल्या आणि प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांतून गोल्फ रूढ केला, ही गोष्ट आता पुष्कळांना ठाऊक आहे. २०२३ साली 'स्लम गोल्फ' या नावाची मालिकाही त्यावर निघाली. आमच्या काळाचौकीच्या गल्लीतल्या क्रिकेटप्रमाणे तेथेही जागेने नियम घडवले, आणि चुकीची किंमत तत्काळ वसूल केली. चेंडू गटारात गेला की तो काढायचा, पत्र्यावर गेला की शिव्या खायच्या. त्या शाळेत तयार झालेला काकांचा स्विंग आखूड, अंग न हलवता मारलेला, पण आवाज असा स्वच्छ की दुकानातला अभियंता कोपऱ्यातून पुढे आला. मला वाटले, हे गृहस्थ आकड्यांना हसतील. ते हसले नाहीत. प्रत्येक आकड्याचा अर्थ त्यांनी बारकाईने विचारून घेतला आणि म्हणाले, 'जन्मभर दुसऱ्यांच्या फटक्यांचं अंतर सांगत आलो. माझा फटका किती जातो ते कोणी मोजलंच नव्हतं.'

या एका वाक्याने यंत्राविषयीचा माझा संशय निम्मा फेडला. मापाचा अधिकार ज्याच्या वाट्याला कधी आला नाही, त्याला तो मिळण्यात एक न्याय आहे. व्यावसायिक खेळाडूला तो अधिकार आधीपासून असतो, आणि म्हणूनच तो या यंत्राचा उपयोग बेताने करू शकतो. टायगर वुड्सने घरी फुल स्विंग कंपनीचे यंत्र बसवले, पुढे रोरी मॅकिलरॉयच्या साथीने 'टीजीएल' ही पडद्यावरच्या गोल्फची स्पर्धा उभी केली, आणि ७ जानेवारी २०२५ रोजी फ्लोरिडात तिचा पहिला सामना झाला, तो चौसष्ट फूट बाय त्रेपन्न फूट पडद्यापुढे. आमच्या चाळी त्या पडद्याच्या उंचीला पोचत नाहीत. पण वुड्सला घरच्या आकड्याविरुद्ध मैदानाकडे दाद मागता येते. ज्याच्यापाशी यंत्र आहे आणि मैदान नाही, त्याला ती सोय नसते.

आणि मैदान का नाही, याचा जाब यंत्राला विचारण्यात अर्थ नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तो बहुतेक गिरण्यांच्या अखेरीचा आरंभ ठरला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ मानाने तीन वाटे मुकरर केले: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, आणि एक मालकासाठी. २००१ साली त्या नियमात दुरुस्ती होऊन, सबंध जमिनीऐवजी केवळ बांधकाम नसलेल्या रिकाम्या जागेचेच वाटे करावेत असे ठरले, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. कोणत्याही गिरणीच्या आवारात साखळी नव्याने पडली नाही, एकही हद्दीचा दगड हलला नाही, तरी शहराच्या वाट्याची मोकळी जागा आकसून गेली. नोकरीत असताना मला मापातली लबाडी धुंडाळण्याची सवय होती. आता वाटते की माप बहुधा प्रामाणिकच असते, आणि खरा निवाडा काय मोजायचे नाही हे ठरते त्या टेबलावर आधीच होऊन गेलेला असतो. मातीचे चटईत रूपांतर झाले तेव्हा दुकानात जे घडले, तेच मोठ्या प्रमाणावर येथे घडले होते.

भाच्याच्या मनोऱ्यातील चौरस फुटाचा भाव त्या २०८ फुटांना लावून पाहिला, तर खोलीपुढे यंत्राची किंमत किरकोळ ठरते, हे त्यालाही मान्य आहे. त्याने अखेर छताचे यंत्र घेतले. खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाची हरकत येऊ नये म्हणून चटईखाली रबराचा जाड थर आणि सोसायटीच्या सभेत रात्री नऊनंतर फटका न मारण्याची लेखी हमी, असे दोन खर्च वाढले. मोजलेल्या आणि काढलेल्या आकड्यांचा तो पेन्सिलीच्या खुणांचा तक्ता त्याने पावतीला जोडून मागून घेतला. चेंबूरची रविवार सकाळची खेप मात्र त्याने बंद केलेली नाही आणि काकांचा मेहनताना वाढवला आहे, कारण चटईने काय वगळले ते सांगणारा दुसरा माहितगार अद्याप कोणत्याही कंपनीने बाजारात आणलेला नाही.