केन नदीच्या काठी

‘पॅरिश’ हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. धर्मग्राम हा मराठी शब्द आपण मासिकांतून आणि परिपत्रकांतून वापरतो. घरात बोलताना मात्र ‘आपल्या पॅरिशचा सण’ असेच तोंडी येते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना राज्यात हाच शब्द सरकारी दप्तरात बसला आहे. इतर राज्यांत ज्याला कौंटी म्हणतात, त्या परगण्याला तिथे पॅरिश म्हणतात. फ्रेंच आणि स्पॅनिश अमलात धर्मगुरूंच्या कार्यक्षेत्राच्या ज्या सीमा पडल्या होत्या, त्याच बऱ्याच अंशी १८०७ साली मुलकी कारभाराने उचलल्या. त्यामुळे तिथला बाप्टिस्ट शेतकरीसुद्धा आपला घरपट्टीचा पैसा पॅरिशला भरतो. हे मला माझ्या भाचीने सांगितले तेव्हा प्रथम मी हसलो आणि मग मला तो परगणा पाहण्याची इच्छा झाली.

भाची ह्यूस्टनला असते. तिच्याकडे मुक्काम असताना आम्ही मोटारीने चार-साडेचार तासांचा प्रवास करून नॅकटिश पॅरिशला गेलो. नावाची अक्षरे वाचली तर ‘नॅचिटोचेस’ होते. तसे म्हटल्यावर पेट्रोल भरणारा माणूस गालातल्या गालात हसला. १७१४ साली फ्रेंचांनी वसवलेले हे गाव न्यू ऑर्लिन्सहूनही चार वर्षांनी जुने. गावाबाहेर पडले की कापसाची, मक्याची शेते, पेकनची झाडे आणि केन नदीचा संथ, जवळजवळ न वाहणारा प्रवाह. या ग्रामीण परगण्यात संरक्षित म्हणून नोंदलेल्या जुन्या वास्तू आणि जागा पुष्कळ आहेत.

‘संरक्षित’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुरातत्त्व खात्याचा निळा फलक उभा राहतो. वसईच्या किल्ल्यातील पडक्या ख्रिस्तमंदिरांजवळ तो फलक पाहतच आम्ही वाढलो. आपल्याकडे स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम होत नाही, त्यापुढच्या दोनशे मीटरला परवानगी लागते. निदान कायदा तसे म्हणतो. अमेरिकेचा प्रकार निराळा. १९६६ च्या कायद्याने तिथे ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. त्या वहीत घराचे नाव चढले, तरी खाजगी मालकाने स्वतःच्या पैशाने ते पाडायचे ठरवले तर वही त्याचा हात धरीत नाही. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना गुंतला असेल तरच चौकशी होते. याहून वरचा दर्जा ‘राष्ट्रीय ऐतिहासिक मानचिन्ह’ हा. तो मोठ्या मानाचा, पण आगीपुढे तोही हतबल. याच परगण्यातील क्लुटियरविल गावी लेखिका केट शोपँ १८७९ पासून काही वर्षे राहिली होती. तिच्या घराला १९९३ साली हा दर्जा मिळाला आणि २००८ च्या ऑक्टोबरात ते जळून गेले. दोन धुराडी आणि जोते तेवढे उरले.

इथल्या घरांच्या भिंती पाहिल्या आणि मला आमच्या आजोळच्या कुडाच्या भिंतींची आठवण झाली. लाकडी सांगाड्यात माती भरायची, तिला धरून ठेवायला ओक झाडांवरून लोंबणाऱ्या राखी तंतूंचा गवतासारखा उपयोग करायचा. क्वचित हरणाचे केसही. फ्रेंच लोक याला ‘बुझियाज’ म्हणत. आमच्याकडे भाताचा पेंढा आणि शेण, एवढाच काय तो फरक. या रीतीचे एक फार जुने घर बॅडिन-रोक या नावाने ओळखले जाते. त्याचे खांब जोत्याशिवाय थेट जमिनीत पुरलेले आहेत. अशी घरे अख्ख्या अमेरिकेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. १८५० च्या दशकात फ्रान्सहून आलेल्या धर्मभगिनींनी या घरात मुलींची शाळा चालवली. आज ते सेंट ऑगस्टीन धर्मग्रामातील लोकांच्या ऐतिहासिक मंडळाकडे आहे.

हे लोक स्वतःला क्रिओल म्हणवतात. त्यांची मूळ आजी मरी तेरेझ, घरगुती आफ्रिकी नाव क्वँक्वँ. १७४२ च्या ऑगस्टात नॅकटिशच्या ख्रिस्तमंदिरात तिचा स्नानसंस्कार झाला, तो एका गुलाम दांपत्याची मुलगी म्हणून. पुढे क्लोद तोमा पिएर मेतोये या फ्रेंच व्यापाऱ्याने तिला भाड्याने घेतले आणि त्यांना दहा मुले झाली. १७७७ साली तिथले धर्मगुरू, कॅपुचिन संघाचे फादर किंतानिया यांनी या उघड पापाबद्दल तक्रार केली आणि बाईला न्यू ऑर्लिन्सला विकून टाकावे असे सुचवले. शिक्षा कोणाला, ते लक्षात घ्या. मेतोयेने मग तिला विकत घेतले आणि १७७८ साली मुक्त केले. हे वाचताना मला त्या फादरांचा राग आला, हे लपवीत नाही. पण गंमत अशी की त्यांनी आणि त्यांच्या पूर्वसुरींनी नेटाने ठेवलेल्या स्नानसंस्काराच्या, विवाहाच्या नोंदी नसत्या, तर या बाईचा इतिहास दंतकथेत विरून गेला असता. संशोधकांनी त्याच वह्या धुंडाळून तिचे कुळ उभे केले.

१७८६ साली मेतोयेने तिला ६८ एकरांच्या आसपासची जमीन आणि सालीना काही रक्कम देऊन संबंध तोडले. तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. तिने तंबाखू आणि नीळ पिकवली, अस्वलाची चरबी विकली, आणि जमेल तसे पैसे मोजून पोटच्या मुलांची, नातवंडांची गुलामीतून सुटका केली. तिचा मुलगा ओगुस्तँ मेतोये याने नदीच्या बेटावर सेंट ऑगस्टीनचे ख्रिस्तमंदिर बांधले. परंपरा सन १८०३ सांगते. कागदोपत्री धर्मगुरूंचा आशीर्वाद १८२९ चा मिळतो. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी स्वतःसाठी बांधलेल्या अमेरिकेतील अगदी आरंभीच्या ख्रिस्तमंदिरांत त्याची गणना होते. आजची इमारत विसाव्या शतकातील आहे, पण आत ओगुस्तँचे जुने तैलचित्र आहे. काळा लांब कोट घातलेला हा गृहस्थ हाताने आपल्या ख्रिस्तमंदिराकडे निर्देश करतो आहे. आम्ही त्याच्यासमोर बराच वेळ बसलो. भाची कुजबुजली, “मामा, किती अभिमान आहे बघा चेहऱ्यावर.” होता खरा.

आता अवघड भाग. क्वँक्वँच्या पदरी पुढे गुलाम होते. तिच्या मुलांच्या शेतांवर तर ते मोठ्या संख्येने होते. ओगुस्तँचा भाऊ लुई याला १७९६ साली मिळालेल्या जमिनीवर जी मेलरोज नावाची वास्तू आज उभी आहे, जिला १९७४ साली राष्ट्रीय मानचिन्हाचा दर्जा मिळाला, तिच्या विटा आणि तुळया त्या गुलामांच्या हातांनी रचल्या आहेत. अनेक वर्षे मार्गदर्शक पाहुण्यांना सांगत की ही सारी क्वँक्वँची वाडी. कागदपत्रांनी ते खोटे ठरवले. मला हा उलगडा बरा वाटला. एका धीराच्या बाईची कथा सांगण्यासाठी तिला न मिळालेली हवेली तिच्या नावावर चढवण्याची गरज नाही. आणि ती कथा सांगताना तिच्या दावणीला बांधलेल्या माणसांना गाळण्याचीही नाही. गुलामी ज्यांनी अंगावर सोसली त्यांनीच ती पुढे चालवली, हे समजून घेणे मला आजवर साधलेले नाही. त्या काळी जमीन कसणाऱ्याला दुसरी वाट ठाऊक नव्हती, असे उत्तर तिथे ऐकले. ते मला अपुरे वाटते.

१८४७ साली कर्जापायी मेलरोज मेतोये घराण्याच्या हातून गेली. विसाव्या शतकात तिची मालकीण कॅमी हेन्री हिने तिथे लेखक-कलावंतांना आश्रय दिला, मोडक्या खोल्या सांभाळल्या. १९७१ साली ही वास्तू स्थानिक जतन मंडळाकडे आली. आवारात ‘आफ्रिकन हाऊस’ नावाचे एक विचित्र कोठार आहे: खाली विटा, वर लाकूड, आणि भिंतींच्या कितीतरी बाहेर झुकलेले छत्रीसारखे छप्पर. हा आकार आफ्रिकेचा की फ्रान्सच्या खेड्यांतील कोठारांचा, यावर विद्वान अजून भांडतात.

नदीकाठी मॅग्नोलिया नावाची दुसरी एक वाडी आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानात तिचा समावेश आहे. तिथे गुलामांसाठी बांधलेल्या विटांच्या आठ झोपड्या उरल्या आहेत. गुलामी १८६५ साली संपली, पण वाट्याने शेती करणारी कुटुंबे या झोपड्यांत १९६० च्या दशकापर्यंत राहत होती. खोली एवढीशी, मध्ये धुराडे, दोन बाजूंना दोन संसार. हवेल्यांपेक्षा मी तिथे जास्त वेळ थांबलो.

परगण्याच्या पश्चिम टोकाला रोबेलिनजवळ लोस आदाएस आहे. तिथे दिसायला काही नाही. गवत आणि पाइनची झाडे. फादर आंतोनियो मार्खिल यांनी १७१७ साली तिथे मिशन स्थापन केले आणि पुढे सुमारे चाळीस वर्षे ती स्पेनच्या टेक्सास प्रांताची राजधानी होती. १७१९ साली फ्रेंच सैनिकांनी मिशनवर चाल केली तेव्हा तिथे एक धर्मबंधू आणि एक फाटका शिपाई एवढेच हजर होते. फ्रेंचांनी कोंबड्या लुटल्या. त्या फडफडल्या, घोडा बिथरला, अधिकारी खाली पडला आणि गोंधळात धर्मबंधू निसटला. इतिहासात हे ‘कोंबड्यांचे युद्ध’ म्हणून नोंदले आहे. भाचीला सगळ्या सहलीत हीच गोष्ट पक्की लक्षात राहिली.

मला लक्षात राहिली ती क्लेमेंटाईन हंटर. १८८६ च्या अखेरीस किंवा १८८७ च्या आरंभी जन्मलेली ही कॅथलिक बाई मेलरोजला आधी कापूस वेचीत असे, मग स्वयंपाकघरात राबे. लिहिता-वाचता येत नव्हते. पन्नाशी उलटल्यावर एका पाहुण्या चित्रकाराने टाकून दिलेल्या रंगांच्या नळ्या तिने उचलल्या आणि जे हाती येईल त्यावर चित्रे काढू लागली: कापूस वेचणे, पेकन गोळा करणे, नदीतील स्नानसंस्कार, लग्ने, अंत्ययात्रा. १९५५ साली तिने आफ्रिकन हाऊसच्या वरच्या मजल्यावर नदीकाठचे सारे जीवन रंगवले. त्याच वर्षी नॅकटिशच्या एका महाविद्यालयात तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, पण गोऱ्या पाहुण्यांबरोबर ते पाहण्याची तिला मुभा नव्हती. दालन बंद असलेल्या रविवारी एका मित्राने तिला मागच्या दाराने आत नेले.

ती १९८८ च्या पहिल्या दिवशी, शंभरी ओलांडून वारली आणि सेंट ऑगस्टीनच्या दफनभूमीत विसावली. तिची छोटी झोपडी मेलरोजच्या आवारात जपून ठेवली आहे. ती हयात असताना या झोपडीवर एक पाटी असे: क्लेमेंटाईन हंटर, चित्रकार, पाहण्याचे पंचवीस सेंट.