रेघ

वडलांच्या वहीत अक्षरं थोडी आणि रेघा फार. ते चौथीपर्यंत शिकलेले. डावीकडं घराघरांतली नावं आणि प्रत्येक नावापुढं उभ्या रेघा. चार झाल्या की पाचवी त्यांच्यावरून आडवी. भाताची झोडणी उरकली, खळं मोकळं झालं की आमच्या वाडीत पडकई सुरू व्हायची आणि ही वही कोनाड्यातून खाली यायची.

भीमाशंकरच्या पायथ्याशी, आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात वाढलेल्याला पडकई सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. डोंगरउताराची जमीन खणायची, निघालेल्या दगडांचा बांध रचायचा, वरची माती ओढून बांधामागं सपाट करायची. पावसाळ्यात त्यात पाणी ठरतं आणि भाताचं खाचर तयार होतं. एकट्या घराचं हे काम नाही. म्हणून आज याच्या रानात, उद्या त्याच्या. रोख पैसा मधे येत नाही. ज्याच्याकडं मी चार दिवस राबले, त्यानं माझ्याकडं चार दिवस यायचं. वडलांच्या रेघा म्हणजे घामाची उसनवारी.

घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि नदीकाठची चांगली खाचरं बाबू गेनू जलाशयाखाली गेली. तेव्हा वर सरकलेल्या घरांना पडकईशिवाय दुसरा आधार नव्हता. 'शाश्वत' संस्थेनं या धरणग्रस्त आदिवासी कुटुंबांसोबत वर्षानुवर्षं काम केलं, पडकई रोजगार हमीत बसावी म्हणून पाठपुरावा केला. 2012 साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं, तेव्हा मला आमची वही आठवली होती.

एक गोष्ट वडील कटाक्षानं पाळायचे. कोणाची रेघ चुकली की त्या दिवशी त्याच्याबद्दल कोणाला बोलू द्यायचे नाहीत. "आधी घरी जाऊन बघायचं. मग बोलायचं." संध्याकाळी कुदळ खांद्यावर तशीच ठेवून ते त्या घराकडं वळायचे. कधी ताप असायचा, कधी बैल पडलेला असायचा. एकदा काहीच नव्हतं, माणूस नुसता उंबऱ्यात बसून होता. वडील त्याच्याशेजारी अंधार पडेपर्यंत बसले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी तो आला.

आश्रमशाळेत गेल्यावर हजेरीचं दुसरं रूप पाहिलं. भल्या सकाळी रांगेत उभं राहून "हजर" म्हणायचं. होळीनंतर पोरी एकेक करून गळायच्या. कोणी हिरडा गोळा करायला, कोणी आईबरोबर मजुरीला. त्यांच्या नावापुढं लाल शाईत 'गै' पडत जायचा. महिना संपला की बेरीज व्हायची आणि पान उलटायचं. माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी एका फाल्गुनात गेली ती परत आली नाही. कोणी तिच्या घरी गेलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढं शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन मी घोडेगावात पोलीस भरतीच्या मुलामुलींना मैदानी सराव द्यायला लागले. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच आणि काखेत वही. मुलींना 800 मीटर, मुलांना 1600 मीटर, दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. मुलीनं 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत मारलं की पूर्ण 20 गुण. मैदानाचे सगळे मिळून 50. आमच्या डोंगरातल्या पोरींच्या फुप्फुसात दम उपजतच असतो. पोखरीचा घाट चढून शाळेत गेलेल्या पोरीला 800 मीटर शिकवावं लागत नाही, शिकवावा लागतो तो गोळा. कोपर खाली पडतं, मान वळते, आणि पायांतला जोर हातापर्यंत पोचतच नाही.

मार्च 2020 मध्ये मैदान बंद झालं. पोरं आपापल्या वाड्यांना परतली. मी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. दुसरा मार्गच नव्हता. पहिले काही दिवस मी व्यायामाचे व्हिडिओ पाठवत राहिले. ते तळेघरच्या पुढं कुठं उघडतच नव्हते. एका मुलानं लिहिलं, "मॅडम, लिहून पाठवा. अक्षरं येतात." टेकडीवरच्या ज्या दगडापाशी रेंज मिळायची तिथं तो दिवसातून एकदा चढायचा आणि सगळं वाचून उतरायचा. तेव्हापासून मी लिहायला शिकले. गोळा गळ्याला कसा टेकवायचा, हे चित्राशिवाय पाच ओळींत सांगणं फार अवघड आहे. पाठवण्याआधी मी एकेक ओळ तीनतीनदा खोडायचे.

त्याच काळात माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती मला सांगितलीच पाहिजे. आठवड्याच्या शेवटी मी सगळ्यांच्या वेळा ग्रुपवर टाकायचे, वेगवानापासून मंदापर्यंत. वाटायचं, चुरस लागेल. चुरस लागली ती वरच्या पाचसहाजणांत. सगळ्यात खालचं नाव ज्या मुलीचं होतं ती तिसऱ्या आठवड्यात ग्रुप सोडून गेली. पडद्यावर एक करडी ओळ उमटली, अमुक बाहेर पडली. लाल शाईतला 'गै' मला तिथं दिसला. मी फोन केला, तो लागला नाही. चार दिवसांनी लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझं नाव सगळे वाचतात."

त्यानंतर वेळा फक्त माझ्याकडं येऊ लागल्या. ग्रुपवर उरली हजेरी. पहाटे 5 ते 6 मध्ये प्रत्येकानं एक ओळ लिहायची: किती पळाले, कुठं दुखतंय, झोप झाली का. दोघादोघांच्या जोड्या लावल्या. जोडीदाराची ओळ आली नाही तर मला विचारायचं नाही, आपणच शोध घ्यायचा. हे मी कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं.

मैदान उघडलं तरी ग्रुप राहिला, उलट वाढला. आमच्याकडची पुष्कळ पोरं चाकणच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करतात आणि तिथून भरतीची तयारी करतात. त्यांनी फी भरून ऑनलाइन सराव मागितला. पैसे घेतल्यावर जबाबदारीचं वजन वाढतं. ज्याचा पगारातला वाटा आपल्याकडं येतो त्याचं 'उद्या बघू' आपल्याला परवडत नाही. रात्रपाळीवाल्यांना पहाटेची हजेरी जमेना, त्यांचा वेगळा गट केला. मुलींचा वेगळा, लेखीचा वेगळा. 2022 च्या अखेरीस व्हॉट्सअ‍ॅपवर कम्युनिटी आली तेव्हा हे सगळे गट एका छताखाली आणले. मुलींच्या आईबापांची मोठी काळजी होती नंबरांची. सूचनांच्या गटात एकमेकांचे नंबर इतरांना दिसत नाहीत, हे मी घरोघर मोबाइल उघडून दाखवलं. दोन बापांनी तेवढ्यावर पोरींना परवानगी दिली.

मला अजूनही वाटतं की गोळाफेक मैदानावरच शिकवावी. कोपर हातानं उचलून धरावं लागतं. पण महिन्यातून दोन रविवारी पोरं घोडेगावात जमतात तेव्हा एकमेकांना ओळखीनं हाक मारतात, कोणाचा गुडघा दुखतोय हे त्यांना ठाऊक असतं. निम्मं शिकवणं तिथं आपसातच होऊन जातं, मी कडेला उभी असते.

गेल्या जुलैत तळेघरच्या पलीकडच्या एका मुलीची हजेरी दोन दिवस चुकली. आमच्याकडं जुलै म्हणजे धुकं, तारा तुटलेल्या, मोबाइल बंद पडलेले; मी मनाशी तेच कारण धरलं. तिसऱ्या दिवशी तिच्या जोडीदारणीची ओळ आली, "मी जाऊन बघते." ती खालच्या अंगाची, घोडेगावजवळची. एसटीनं गेली, पुढचं पायी. आणि मग तीही गप्प झाली.

पाचव्या दिवशी सकाळी दोघींचे संदेश एकापाठोपाठ आले. हजेरी चुकलेल्या मुलीची आई तापानं पडलेली, राबातली रोपं पिवळी पडायला लागलेली आणि आवणीला हात कोणी नाहीत, म्हणून जोडीदारीणही तिथंच राहिली. दोघींनी मिळून तीन खाचरं उरकली.

आधीच्या मुलीनं लिहिलं होतं: "हजर. पळाले नाही. चिखलात होते. पाय भरून आलेत."

दुसरीनं लिहिलं होतं: "हजर. मी पण."

वडील जाऊन सहा वर्षं झाली. वही माझ्याकडं आहे, वाळवीनं कडा खाल्लेली. शेवटची काही पानं कोरी होती. मी त्यातलं एक आडवं धरलं, दोघींची नावं डावीकडं लिहिली आणि दिवस मोजत रेघा ओढल्या. गेलेल्या दिवसांच्याही.

थोड्या वेळानं चाकणच्या रात्रपाळीच्या गटातून कोणीतरी विचारलं, "मॅडम, त्यांच्याकडं अजून किती खाचरं राहिलीत?"