डोस म्हणजे किती?



रत्नागिरी जिल्ह्यात शेती विस्ताराचे काम करताना एक इंग्रजी शब्द मी रोज ऐकत आलो आहे. तो म्हणजे ‘डोस’. बागेत जा, एस.टी.च्या थांब्यावर उभे राहा, नाहीतर लग्नाच्या पंगतीत बसा, कुणीतरी विचारतोच, “साहेब, कलमांना काहीतरी डोस सांगा की!” या साध्या शब्दाने मला एकदा चांगलाच धडा शिकवला. तो आज तुम्हांला सांगतो.

हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो लहानपणी, तापात. दवाखान्यातून कंपाउंडर लाल औषधाची बाटली भरून देई. बाटलीला कागदाची पट्टी डकवलेली असे आणि तिच्या कडेला कात्रीने दाते कापलेले असत. एक दाता म्हणजे एक डोस. आईला अक्षरओळख बेताचीच, पण कंदिलाच्या उजेडात बाटली धरून ती दात्याबरोबर औषध ओती. एक थेंब जास्त नाही, एक थेंब कमी नाही.

मूळचा हा शब्द ग्रीक. त्याचा अर्थ ‘देणे’. लॅटिन आणि फ्रेंच भाषांतून तो इंग्रजीत आला आणि वैद्यांच्या हाती पडून ‘एका वेळी द्यायचे मोजके औषध’ असा त्याचा अर्थ ठरला. आपल्या गावांत तो दवाखान्याच्या वाटेने आला खरा, पण दवाखान्यात काही थांबला नाही. खताचा डोस झाला, फवारणीचा डोस झाला. १९९५ पासून पल्स पोलिओच्या दिवशी तान्ह्या पोरांना कडेवर घेऊन बाया ‘डोस पाजायला’ निघू लागल्या. शाळेत दांडी मारणाऱ्या मुलाला बापाने चार शब्द सुनावले की ‘आज चांगला डोस मिळाला’ असे आपण म्हणतो. सभेत पुढारी उपदेशाचे डोस पाजतात. कुणाचा संध्याकाळचा ‘डोस’ कोणता, ते त्याची बायकोच जाणते! आणि २०२१ साली तर भेटल्यावर ‘बरे आहात ना?’ याऐवजी ‘दोन्ही डोस झाले का?’ असेच आपण विचारत होतो.

औषध, खत, लस, बोलणी, दारू. एवढे अर्थ या शब्दाने अंगावर घेतले. शब्द असे वाढतात, त्यात वाईट काही नाही. आपल्या ‘मात्रा’ या शब्दाचेही तेच झाले. मात्रा म्हणजे मुळात माप. पुढे बाळाला उगाळून चाटवायचे औषधही मात्रा झाले आणि ‘त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही’ असेही आपण म्हणू लागलो. पण या वाढीत एक गोष्ट हळूच गळून पडते. ती म्हणजे माप. बापाची बोलणी काही कुणी मोजत नाही! मग तीच सवय बागेतही येते.

माझी चूक इथेच झाली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वाडीतल्या सभेत मी पॅक्लोब्युट्राझॉलविषयी बोललो. हापूस एक वर्ष धरतो आणि दुसऱ्या वर्षी रुसतो, हे तुम्ही जाणताच. हे औषध झाडाची नुसती वाढ आवरून त्याला मोहोराकडे वळवते. मी उत्साहाने म्हणालो, “पावसाळ्यात डोस द्या, कलमे दरवर्षी धरतील.” माप सांगितले, पण घाईत, सभा उठता उठता.

सभेला एक वयस्क बागायतदार होते. मी त्यांना तात्या म्हणत असे. पुढच्या हंगामात त्यांनी मला बाग दाखवायला नेले. पालवी आखूड, पाने जवळजवळ दाटलेली, मोहोर मुठीसारखा गच्च आवळलेला. त्यांनी आजोबांच्या हातच्या थोराड कलमाला आणि मुलाने लावलेल्या कोवळ्या कलमाला एकाच मापाने औषध घातले होते, आणि तेही सढळ हाताने. तात्या रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, तुम्ही डोस म्हणालात, मी डोस दिला.”

ते वाक्य अजून माझ्या कानांत आहे. हे औषध जमिनीत पुष्कळ काळ टिकते, त्यामुळे घातलेले परत काढता येत नाही. शेणखत घालून वाट पाहण्यापलीकडे हाती काही नव्हते. कोवळी कलमे सावरायला काही वर्षे गेली आणि तेवढी वर्षे त्या घराचे उत्पन्न बुडाले.

तेव्हापासून मी ‘डोस’ म्हटले की लगेच दोरी काढतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे माप ठरते ते झाडाच्या घेरावर. फांद्यांचा विस्तार पूर्व-पश्चिम मोजावा, दक्षिण-उत्तर मोजावा, दोन्हींची बेरीज करून निम्मी करावी. दर मीटरला ३ मिलिलिटर औषध, म्हणजे ०.७५ ग्रॅम मूळ घटक. सहा मीटर विस्ताराच्या कलमाला १८ मिलिलिटर, दहा मीटरच्या कलमाला ३०. ते पाण्यात मिसळून जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बुंध्याभोवतीच्या मुळांजवळ द्यावे. तेही फक्त मोठ्या, निरोगी कलमांना, आणि खत चुकवायचे नाही. पंगतीत वाढप्याचा हात सढळ असावा, बागेत नसावा.

तेव्हा यापुढे कुणी तुम्हांला डोस सांगितला, मग तो मी असेन, दुकानदार असेल नाहीतर शेजारचा बागायतदार, तर त्याला तीन प्रश्न विचारा: किती? कशाच्या मापाने? कधी? उत्तर मिळेपर्यंत बाटलीचे बूच उघडू नका. माझ्या आईला ते कंदिलाच्या उजेडात जमत होते. आपल्याला दिवसाढवळ्या जमायला काय हरकत आहे?