वऱ्हाडातल्या वाटा : दिवस चौथा – यवतमाळ, कळंब, बाभूळगाव

यवतमाळ–कळंब–बाभूळगाव–यवतमाळ हा त्रिकोणी फेरा शंभर किलोमीटरच्या आतला. गाडी दामटली तर सकाळच्या जेवणाआधी घरी. पण या फेऱ्याला अख्खा दिवस द्यावा, आणि तोही डिसेंबरातला, कारण बघण्याजोगं पुष्कळसं रस्त्याच्या कडेलाच असतं.

सकाळी साडेसहा. यवतमाळ शहर पठारावर वसलेलं. कळंबकडे निघालं की रस्ता हळूहळू उतरणीला लागतो. दुतर्फा साग, अधूनमधून वावरं. तुळजापूर–नांदेड–वर्धा असा येणारा हा राष्ट्रीय महामार्ग 361. चौपदरी झाल्यापासून कळंबचं अंतर, जेमतेम तेवीस किलोमीटर, अर्ध्या तासाचंही उरलेलं नाही. म्हणून उपाशीपोटी निघायला हरकत नसते.

साडेसात. नाश्ता गावाजवळच्या टिनाच्या शेडखाली. पाटी असली तर ‘हाटेल’, नसली तर नुसतं कॅन्टीन. पातेल्यात पाणी उकळत असतं आणि वरच्या परातीत पोह्यांचा पिवळा डोंगर वाफेवर गरम राहतो. शेजारच्या गंजात तर्री : काळे चणे, खडा मसाला, वर बोटभर लाल तवंग. पोहे मुद्दाम कोरडे ठेवलेले असतात, कारण ओलावा तर्रीने द्यायचा. पळी गंजाच्या तळाशी गेली तर चणे येतात, वरच्यावर फिरली तर नुसता तिखटजाळ रस्सा. नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून पळीवर नजर ठेवून असतं. वर कच्चा कांदा, लिंबू, मूठभर शेव. आलुबोंडा घेतला तर तो अख्खा खायचा नसतो. बशीत फोडून त्यावर रस्सा मागायचा. पुण्या-मुंबईकडचा पाहुणा ‘सांबार टाकू का?’ या प्रश्नाला हमखास नको म्हणतो, आणि कोथिंबिरीला मुकतो. इथे कोथिंबिरीचंच नाव सांबार. चहा गोड, आटवलेला आणि बेताचा. दुसरा मागितल्याशिवाय कोणी उठत नाही.

नऊ. कळंबचं चिंतामणी मंदिर विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. देवाला भेटायला इथे चढायचं नसतं, उतरायचं असतं. मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या संपतात तिथे चौकोनी कुंड आणि गाभारा. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने या मूर्तीची स्थापना केली अशी कथा आहे. ठरावीक वर्षांनी कुंडातलं पाणी वर चढून गणपतीच्या पायांना लागतं, अशी श्रद्धा. बाहेरच्या उन्हातून खाली आलं की पायाखालची फरशी गार लागते, एवढं मात्र रोजचं.

कळंबला रेल्वे अगदी अलीकडची. वर्धा–यवतमाळ–नांदेड या 284 किलोमीटरच्या मार्गातला वर्धा–कळंब हा पहिला टप्पा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला.

साडेदहा. बाभूळगावच्या वाटेवर रहदारी पातळ होते आणि पऱ्हाटी सुरू होते. कपाशीच्या ओळींमध्ये तुरीचं तास, धुऱ्यावर एखादं बाभळीचं झाड. बाया कमरेला ओटी बांधून वेचणी करत पुढे सरकतात. वेचणी सकाळी करणं चांगलं, कारण दवाने वाळकी पानं मऊ असतात, त्यांचा चुरा बोंडाला चिकटत नाही. ऊन चढलं की काडीकचरा वाढतो आणि भाव पडतो. ओला कापूस मात्र पसरून वाळवावाच लागतो. मजुरी किलोवर, त्यामुळे हात थांबत नाहीत. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते तेव्हा कापसाच्या वजनाचा जवळपास दोन तृतीयांश भाग सरकीतच जातो; 170 किलोच्या एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो तो यामुळे. रस्त्यावरून जाणाऱ्या भरलेल्या मेटॅडोरमागे बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकलेले दिसतात.

दुपार. बाभूळगाव तालुक्यात खडकसावंग्याजवळ बेंबळा नदीवर मातीचं धरण आहे. त्याचे कालवे बाभूळगाव, कळंब, राळेगाव आणि मारेगाव तालुक्यांकडे जातात. बेंबळा पुढे वर्धेला मिळते. भिंतीवर सावली नाही, डबा खायला खालचं झाड बरं.

परतीच्या वाटेला बाभूळगावपासून यवतमाळपर्यंत रस्ता पुन्हा चढतो. पाच वाजता थंडी सुरू होते, वावरातून निघालेल्या बैलगाड्या रस्त्याला लागतात आणि गाडीचा वेग आपोआप त्यांच्याइतका होतो. पाचव्या दिवशी दारव्ह्याचा रस्ता, बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळांच्या सोबतीने.