मामाजींच्या विहिरी

कोरपना तालुक्याचा भूशास्त्रीय नकाशा काढायला बसलं की पहिला अडसर काळ्या मातीचा. कापूस-सोयाबीनची सपाट वावरं, उघडा खडक क्वचितच. नाल्याचा काठ, खाण नाहीतर विहीर, एवढ्याच ठिकाणी थर दिसतात. माझ्या नकाशावर तालचीर थराची जी सीमारेषा आहे, तिच्यासाठी मी एका विहिरी खोदणाऱ्या माणसाचा ऋणी आहे. मी त्यांना मामाजी म्हणत असे.

आवारपूर, गडचांदूरचे सिमेंट कारखाने ज्या चुनखडीवर चालतात, ती पैनगंगा समूहाची. शंभर कोटी वर्षांच्या आसपास इथं समुद्र होता, त्याच्या तळाचा हा गाळ. त्यावर थेट तालचीर बसलेलं, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचं. मधला सगळा काळ इथल्या खडकात उरलेलाच नाही. तालचीर म्हणजे हिमनद्यांच्या काळात आलेले गोटे आणि हिरवट शेल. वर्धा खोऱ्यातला कोळसा त्याच्याही वरच्या, बराकार थरात सापडतो.

हे मी पुस्तकांतून शिकलो होतो. पण नकाशावर रेघ कुठून न्यायची, हे पुस्तक सांगत नाही. मामाजींनी ते सांगितलं. उभ्या आयुष्यात सब्बल आणि टिकास घेऊन ते गावोगावच्या विहिरींत उतरले होते. कोणाच्या वावरात किती हातांवर मुरूम सुटला, कुठं चुनखडीची फट लागून पाणी आलं, सगळं तोंडपाठ. तालचीर हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता, पण सुईसारखी तुटणारी ती हिरवी शेल ते हाताला लागताच ओळखत. "हिरवी लागली का मी मालकाले थांबवतो, बापू. खाली पानी नाही लागत, कर्ज लागते," ते म्हणायचे. तालचीरमध्ये भूजल फार कमी मिळतं, हे आमचं शास्त्रही सांगतं. काम थांबलं की त्यांची स्वतःची मजुरी बुडायची, तरी ते थांबवायचे. मला ही गोष्ट त्यांच्या ज्ञानाहूनही मोठी वाटते.

वर्धा-पैनगंगेच्या संगमाजवळच्या इरई गावालाही आम्ही गेलो. (चंद्रपूरचं इरई धरण वेगळं.) तिथल्या चुनखडीच्या पृष्ठावर बर्फानं ओढत नेलेल्या दगडांचे ओरखडे आहेत. फ्रान्सिस फेडन यांनी 1875 मध्ये त्यांवर लिहिलं आणि भारतातल्या प्राचीन हिमयुगाच्या चर्चेत हे छोटं गाव जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचलं. मामाजी बराच वेळ त्या रेघांवरून बोटं फिरवत राहिले. मग त्यांनी मला आणखी तीन विहिरींची वावरं सांगितली, जिथं हिरव्या मातीखाली त्यांची सब्बल असल्याच गुळगुळीत दगडावर आपटली होती. त्या तीन ठिकाणांमुळे माझी रेषा पक्की झाली. त्यांनी मोबदला घेतला नाही.

मामाजी आता नाहीत. त्यांच्यासारखे जुने खोदणारे अजून गावोगाव आहेत. तुमच्या वावरात विहीर वा बोअर होत असेल, तर किती फुटांवर कोणत्या रंगाचा थर लागला ते वहीत उतरवा, खोदणाऱ्याचं नाव लिहा, आणि ती नोंद जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात नेऊन द्या.